आधी लघवीला जाऊ द्या

ताणावर आयुर्वेदात काय आहे, असं विचारलं की पहिलं उत्तर येतं अश्वगंधा आणि दुसरं शिरोधारा, म्हणजे कपाळावर सोडलेली तेलाची धार. चूर्ण, कॅप्सूल, चघळायच्या गोड गोळ्या, पाण्यात विरघळणारी पाकिटं. मेडिकलच्या काउंटरपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत अश्वगंधा हजर. शिरोधारेची पॅकेजं शनिवार-रविवारची, सोबत जेवण आणि पोहण्याचा तलाव. दोन्ही गोष्टी शास्त्रात आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या ग्रंथांच्या नावावर हे विकलं जातं, त्यांतल्या सगळ्यात मोठ्या ग्रंथात सुरुवातीच्या भागातच एक अध्याय येतो. त्यात विकण्याजोगं काहीच नाही, म्हणून त्याची जाहिरात होत नाही. आजचं सदर त्या अध्यायासाठी.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला हा सातवा अध्याय. नाव नवेगान्धारणीय. शरीराचे तेरा वेग अडवू नका, असं तो बजावतो. लघवी, शौच, शुक्र, वायू, उलटी, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप आणि श्रमानंतरची धाप. एकेक अडवलं तर काय होतं, तेही सांगतो. लघवी दाबली तर ओटीपोट दुखतं, डोकं दुखतं, मग लघवी करतानाच त्रास होतो. भूक मारली तर अंग गळतं, चक्कर येते आणि पुढे जेवणावरची वासनाच उडते. झोप मारली तर अंग मोडून येतं आणि डोळे जड होतात. रडू गिळलं तर त्रास हृदयापर्यंत पोचतो, असं चरकाचं म्हणणं. यातलं प्रत्येक वाक्य आजच्या प्रयोगशाळेत जसंच्या तसं टिकेल, असा माझा दावा नाही. पण ज्याने दिवसभर स्वतःच्या शरीराला गप्प बसवलं, तो माणूस संध्याकाळी घरी शांत डोक्याने येणार नाही, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही.

आता ही यादी हातात घ्या आणि एखाद्या नोकरदार बाईचा दिवस तिच्यावर ठेवून पाहा. सकाळी अर्धी झोप मोडून उठायचं. सगळ्यांचे डबे भरायचे आणि बदलापूरहून गाडी धरायची. शौचाला शांतपणे बसायला मिळालं तर नशीब. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहात पाय ठेववत नाही, म्हणून तहान लागली तरी घोटभरच पाणी प्यायचं. ऑफिसात मीटिंग लांबली की भूक मारायची. साहेब चारचौघांत बोलले तर डोळ्यांतलं पाणी आतल्या आत जिरवायचं. दुपार होईपर्यंत तेरापैकी पाच कलमं मोडलेली असतात आणि तिच्या आरोग्याची काळजी म्हणून कंपनी तिला ध्यानधारणेच्या ॲपची वर्गणी भरून देते.

ही तरी ऑफिसातली बाई. चौकात उभी असलेली वाहतूक पोलीस, रस्त्यावर भाजी विकणारी, बसची कंडक्टर, यांचं काय? आणि घरकामाला येणाऱ्या मावशी? चार घरांचे संडास त्यांच्या हातून घासले जातात आणि त्यांतल्या बहुतेक घरांत त्यांना तो वापरायची मुभा नसते. हे लिहिताना मला राग येतो आहे आणि तो लपवायचं कारण दिसत नाही. मुंबईसारख्या शहरात २०११ मध्ये बायकांना 'राइट टू पी' नावाची चळवळ उभारावी लागली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना त्याच कामाचे पैसे, हा मुद्दा तिने लावून धरला. ज्या समाजात यासाठी आंदोलन करावं लागतं, तिथे ताण येतो कुठून याचा शोध घ्यायला परिसंवाद कशाला हवेत?

आणि या सगळ्याची तालीम शाळेतच होते. 'बाई, जाऊ?' असं विचारणाऱ्या मुलाला 'आत्ताच तास सुरू झालाय, मधल्या सुट्टीत जा' हे उत्तर आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. शरीर काही सांगत असेल तरी घंटा होईपर्यंत त्याचं ऐकायचं नाही, हा धडा आपण सहाव्या-सातव्या वर्षीच पाठ करतो. पुढे नोकरीत तो फक्त वापरायचा असतो.

आगगाडी चालवणारे लोको पायलट कित्येक वर्षं एक साधी मागणी करत आले आहेत. तासन्‌तास इंजिनात असताना जेवायला आणि लघवीला जायला ठरलेली सुट्टी द्या. २०२५ मध्ये रेल्वेने उत्तर दिलं की गाड्या चालवण्याच्या दृष्टीने अशी सुट्टी नियमात बसवणं व्यवहार्य नाही. हजारो प्रवाशांचा जीव ज्याच्या हातात, त्याने चरकाचे दोन वेग कामाचा भाग म्हणून दाबायचे. त्यात आता इंजिनात बायकाही आहेत.

केरळात काय झालं ते मुद्दाम सांगतो. कपाळावर तेलाची धार घ्यायला जगभरातले पर्यटक जिथे जातात, तेच हे राज्य. तिथल्या कोळिकोड शहरात मिठाई तेरुवू नावाची प्रसिद्ध बाजारपेठ आहे. तिथल्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांना दिवसभर उभं राहावं लागे. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही. शौचालयाचा पत्ता नाही. पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी या विक्रेत्या बायकांना एकत्र केलं, 'पेण्कूट्टु' ही संघटना उभी राहिली. पहिली मागणी शौचालयाची होती, मग बसण्याची. २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकानांचा कायदा बदलला आणि कामाच्या ठिकाणी बसायला जागा देणं मालकांवर बंधनकारक झालं. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसाच कायदा केला. ताण कमी करण्याचं याहून आयुर्वेदाला धरून झालेलं काम अलीकडच्या काळात मला तरी दिसत नाही. ते आयुर्वेदाच्या खात्यावर कुणी मांडत नाही, ही गोष्ट वेगळी. तेलाच्या धारेचे फोटो निघतात, एका स्टुलाचे कोण काढणार?

त्या सातव्या अध्यायाचा दुसरा भाग तर आणखी टोकदार आहे. काही वेग अडवायचेच असतात, असं चरक तिथेच सांगतो. लोभ, शोक, भय, क्रोध, अहंकार, निर्लज्जपणा, मत्सर, अति आसक्ती, दुसऱ्याच्या धनाची हाव. कठोर बोलणं, चहाडी, खोटं बोलणं, नको त्या वेळी बोलणं, दुसऱ्याला पीडा होईल असं वागणं, हेसुद्धा याच यादीत. शरीराचे वेग सोडा आणि मनाचे आवरा, असा सरळ हिशोब. आपण तो बरोबर उलटा केला आहे. जे सोडायचं ते हाताखालच्या माणसाने दाबायचं आणि जे आवरायचं ते वरच्याने मोकळं सोडायचं. रात्री साडेअकराला 'उद्या सकाळपर्यंत पाहिजे' असा मेसेज धाडणारा साहेब नको त्या वेळी बोलण्याचा वेग सोडत असतो. तो मेसेज वाचून ज्याची झोप उडते, त्याला अश्वगंधा घ्यायचा सल्ला मिळतो. औषधाची गरज नेमकी कुणाला आहे?

आता त्या अश्वगंधेबद्दलही स्पष्ट बोलू. वनस्पती गुणी आहे. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसोर भागात तिची मोठी शेती होते, नीमचच्या मंडीत मुळांचे ढीग लागतात. ताणावर तिचा उपयोग होतो, असं काही लहान चाचण्यांत दिसलं आहे. २०१२ च्या एका भारतीय चाचणीत ६४ जणांना ६० दिवसांसाठी दोन गटांत विभागलं होतं. अर्क घेणाऱ्यांचा ताण आणि रक्तातलं कॉर्टिसोल, दोन्ही खोट्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलं. चांगली गोष्ट आहे, पण ६४ माणसं म्हणजे सगळा देश नव्हे. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. थायरॉइडवर तिचा परिणाम होऊ शकतो, झोपेच्या गोळ्यांसोबत गुंगी वाढू शकते आणि गरोदरपणात ती स्वतःच्या मनाने घेऊच नये. २०२३ मध्ये डेन्मार्कने तिच्यावर बंदी घातली. परंपरेत वापर मुळाचा. तरी अर्कात पानं मिसळली जाऊ लागली, तेव्हा २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाला पानं वापरू नका असं उत्पादकांना सांगावं लागलं. बाटलीवर 'नैसर्गिक' छापलं आहे म्हणून ती चण्याफुटाण्यासारखी खाऊ नका. घ्यायचीच असेल तर वैद्याला नाडी, जीभ दाखवा आणि आधीच्या गोळ्यांची चिठ्ठीही दाखवा. वरळीचं पोदार रुग्णालय आहे, पुण्यात रास्ता पेठेतलं ताराचंद रुग्णालय आहे. तिथे शिकलेले वैद्य बसतात. जाहिरातीतला नट वैद्य नसतो.

घरी करण्यासारखं काहीच नाही का? आहे, आणि ते स्वस्त आहे. झोप न येणाऱ्या माणसासाठी चरकाने सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात जे सांगितलं, ते कुठल्याही मराठी घराला परकं वाटणार नाही. अंगाला तेल, स्नान, दूध, तूप, दहीभात, अंग चेपून घेणं, मनाला आवडणारे वास आणि आवाज, नीट अंथरूण आणि झोपेची ठरलेली वेळ. म्हशीचं दूध झोपेला चांगलं, हेही त्यानेच दुसरीकडे सांगून ठेवलं आहे. तेल डोक्याला, कानांना आणि पायांना विशेषकरून लावा, असं वाग्भट अष्टांगहृदयात सांगतो. आपल्या आज्या काशाच्या वाटीने तळपाय घासून द्यायच्या, ते याच घराण्यातलं. अजीर्ण झालेलं असेल तर अंगाला तेल लावू नये, एवढं पथ्य सांभाळा. थोडं तिळाचं तेल, पाय चोळायला दहा मिनिटं आणि त्या दहा मिनिटांत मोबाइल दुसऱ्या खोलीत. मी हे मनापासून सुचवतो. तेलात काही जादू आहे म्हणून नव्हे, तर त्या वेळात कुणी तुमच्याकडून काही मागत नाही म्हणून. शक्य असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाचे तरी पाय चोळा. ज्या बाईने सगळ्यांचे डबे भरले, तिचे आधी.

मात्र त्याच एकविसाव्या अध्यायात चरक झोप उडण्याची कारणंही देतो आणि त्या यादीत पहिलं कारण आहे काम. वय, आजार, प्रकृती, वात हे सगळे त्याच्यानंतर. चरकाला जे दिसलं, ते आपल्या राज्यकर्त्यांना दिसत नाही. महाराष्ट्रातल्या दुकानं आणि आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात दिवसाचे जास्तीत जास्त ९ तास आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास सुट्टी ठरलेली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ९ चे १० तास करायला आणि ती सुट्टी ५ ऐवजी ६ तासांनंतर द्यायला मंजुरी दिली. कारखान्यांसाठी तर १२ तासांची मुभा. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, कामगाराची संमती लागेल, जादा कामाचे पैसे मिळतील, असं सांगितलं गेलं. संमती? घराचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस साहेबाला नाही कसं म्हणेल, हे मंजुरी देणाऱ्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. जेवायला आणखी एक तास थांबायला लावणारा हा निर्णय आहे. याच राज्यात दर वर्षी आयुर्वेद दिनाला भाषणं होतात. त्या भाषणांत एकदा सातवा अध्याय कुणीतरी वाचून दाखवावा.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. दोन-दोन आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, जगणं नकोसं वाटतं, असं झालं असेल तर तेल, दूध आणि काढ्यावर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सरकारची 'टेली मानस' ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं. असं करण्यात आयुर्वेदाचा अपमान होत नाही. कुठल्या रोग्याला आपण हात घालू नये, हे चरकाने वैद्यांनाही सांगून ठेवलं आहे.

आता मालक, साहेब, मुख्याध्यापक आणि सोसायट्यांचे अध्यक्ष यांना एक विनंती. या सोमवारी आपल्या जागेतलं स्वच्छतागृह स्वतः जाऊन बघा. दाराला आतून कडी आहे का, पाणी येतं का, किल्ली कुणाकडे असते आणि झाडूवाल्या मावशींना तिथे जाता येतं का. जेवणाच्या अर्ध्या तासात कुणाला हाक मारू नका. रात्री नऊनंतरचा मेसेज सकाळी पाठवा. हे एवढं केलंत की मग कर्मचाऱ्यांसाठी तणावमुक्ती शिबिर खुशाल भरवा, उद्घाटनाला मी स्वतः येईन.