ओबीपंत

टोकियोत निशी-कासाई भागात आपली पुष्कळ मंडळी राहतात, बहुतेक संगणकवाली. शनिवारी कुणी डाळ-तांदूळ आणायला निघतं, कुणी पोरांना बागेत नेतं. ओबीपंत शिंजुकूला डिस्क युनियन या तबकड्यांच्या दुकानात जातात. वाटेत कुदानशिताला गाडी बदलावी लागते. तिथे फलाटावर उभं राहून ते हात जोडतात, एसटीच्या खिडकीतून देवळाचा कळस दिसल्यावर माणसं जोडतात तसे. कारण वर जवळच बुदोकान सभागृह आहे. तिथे 1966 साली बीटल्स गायले आणि 1972 च्या ऑगस्टमध्ये डीप पर्पल. पंतांचा जन्म 1983 चा. पण गोष्ट अशी सांगतात की जणू तिथल्या सतरंज्या यांनीच घातल्या होत्या.

ओबीपंत हे नाव मी ठेवलेलं. किमोनोवर कमरेला बांधतात तो पट्टा म्हणजे ओबी. जपानी कंपन्या एलपीच्या कव्हरलाही असा कागदी पट्टा गुंडाळत. डाव्या कडेला उभा, तीनेक बोटं रुंद, त्यावर जपानी लिपीत नाव, किंमत आणि थोडी जाहिरातबाजी. सत्तरच्या दशकात घेणाऱ्यांनी तो वेष्टन समजून काढून फेकला. म्हणून आज ज्या तबकडीचा पट्टा शाबूत, तिचा भाव विचारायची सोय नाही. लुगड्यापेक्षा काठ महाग.

दुकानात पंत आधी पट्टा बघतात. मग हापूसची पेटी निवडणाऱ्याच्या चेहऱ्याने तबकडी बाहेर काढतात, मोबाइलच्या उजेडात तिरपी धरतात, मधल्या गुळगुळीत भागात कोरलेले आकडे वाचतात. तोशिबाची लाल तबकडी निघाली की श्वास अडकतो. धूळ धरू नये म्हणून तोशिबाने एक खास मिश्रण काढलं होतं, ते लाल. उजेडासमोर धरलं की थेट कोकम सरबत. या सगळ्या तपासणीत तबकडीवर गाणी कुठली आहेत हे मात्र मी त्यांना कधी वाचताना पाहिलेलं नाही.

"इंग्रजांची गाणी जपान्यांकडून कशाला घ्यायची?" मी एकदा विचारलं. पंतांनी मला घरी नेलं, बसवलं, सुई ठेवली. गाणं संपलं. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "आता ऐक." काहीच वाजत नव्हतं. "ऐकलंस? दोन गाण्यांमधली शांतता!" खरं सांगायचं तर शांतता अव्वल होती. तिकडे अमेरिकेत तेलटंचाईनंतर जुन्या तबकड्या वितळवूनही नव्या काढल्या जात. जपान्यांनी माल आणि साचे दोन्ही चोख ठेवले. पण मूळ टेप लंडनलाच राहायची आणि इकडे बहुतेक वेळा तिची नक्कल यायची, हे मी बोलून गेलो. दोन आठवडे चहा बंद.

मला आवडतात ती नावं. पिंक फ्लॉइडचा 'अ‍ॅटम हार्ट मदर' जपानीत 'गेन्शी शिन्बो' झाला, म्हणजे अणू, हृदय आणि आई, शब्दाला शब्द. 'डार्क साइड ऑफ द मून'चं झालं 'क्योकी', म्हणजे वेड. वहिनींना हे एकच नाव पटलेलं आहे. दोन खोल्यांच्या घरात त्या गादीसाठी जागा शोधत असतात आणि भूकंपाचा धक्का बसला की पंत पाठ लावून कपाट धरतात, बायकोला नव्हे. 'मेडल' या एलपीचं नाव 'ओसेक्काई', म्हणजे नसती लुडबुड. हा 'मेडल' पंतांना पट्ट्यासकट मिळाला तेव्हा त्यांनी रात्रीच पुण्याला फोन लावला, "बाबा, या खेपेला मेडल घेऊन येतोय!"

झालं. बाबांनी सोसायटीभर पेढे वाटले.

मीही तेव्हा पुण्यात होतो. पंतांनी दोन साड्यांच्या मधून एलपी काढली. बाबांनी चष्मा पुसला. कव्हरवर पाण्याखालचा भलामोठा कान. बाबांनी तो उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. "मेडल कुठाय?" म्हणाले. पंतांनी समजावलं. बाबांचं तोंड जरा पडलं, पण माणूस रसिक. त्यांच्याकडे डमडमच्या कारखान्यातल्या एचएमव्हीच्या तबकड्या आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, पावसाळ्यात बुरशी धरणाऱ्या. कुठे सुई अडकते ते त्यांना पाठ आहे. नेमक्या जागी बोटाने पुढे सरकवतात आणि ताल चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंत ओरडले. एलपी टेबलावर, पट्टा गायब.

"ते वरचं वेष्टन होय?" बाबा म्हणाले. "काढलं मी. कागद चांगला जाड आहे. दासबोधात घातलाय खुणेला."

आम्ही दोघं देवघरात धावलो. पट्टा मधोमध दुमडलेला होता. घडी इतकी नेटकी की इस्त्री मारल्यासारखी. दशक दुसरा, समास पहिला. पानाबाहेर दोन बोटं आलेली जपानी अक्षरं मी पंतांच्या खांद्यावरून वाचली: ओसेक्काई.

पंतांचा हात पुढे गेला, तसे बाबा मागून म्हणाले, "काढू नकोस रे. मग पान सापडत नाही."