सर्व्हरशिवाय सातबारा: नवशिक्यांसाठी सहा पायऱ्या

घणसोलीशेजारच्या तळवली गावठाणात खोली घेऊन तुम्ही सातबारा डाउनलोड करणारं ॲप लिहिलंत. अभिनंदन! आता त्याची युनिट टेस्ट.

1. खऱ्या सर्व्हरला हात लावू नका. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याला 15 रुपये पडतात. दर सेव्हला टेस्ट चालवलीत, तर महिनाअखेर घरमालकाला तोंड दाखवता येणार नाही. शिवाय इथली भातशेती नवी मुंबईसाठी केव्हाच संपादित झाली आहे. नकली सातबाऱ्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

2. एचटीटीपी क्लायंटच्या जागी मॉक उभा करा. पायथनमध्ये 2012 च्या 3.3 आवृत्तीपासून तो घरचाच आहे. मॉक म्हणजे नंदीबैल, विचाराल त्याला मान डोलावतो. क्लायंटकडे नसलेली मेथड बोलावलीत तरी डोलावतो. ही खोड मोडायची तर ऑटोस्पेक लावा. नाही लावलात तरी टेस्ट हिरवीच राहील, काळजी नसावी.

3. मॉककडून 200 आणि चार बाइट्स परत करवा. ‘पूर्ण झालं’ हा कॉलबॅक एकदा आला? हिरवं! बहुतेक जण इथूनच चहाला जातात. तुम्हीही जाऊन या.

4. आल्यावर मॉकला बिघडवा. साइड इफेक्टमध्ये टाइमआउट द्या. आता ‘अयशस्वी’ कॉलबॅक एकदाच यावा, ‘पूर्ण’ मुळीच येऊ नये. दोन्ही आले, तर वापरणाऱ्याला पेढे आणि सांत्वन एकदमच मिळेल.

5. कंटेंट-लेंग्थ हेडर काढून टाका. तुकड्यातुकड्यानं पाठवणारे सर्व्हर तो देतच नाहीत, आणि टक्केवारीचा कॉलबॅक शून्यानं भागायला निघतो. मग हेडर परत लावा, 1000 बाइट्स कबूल करा, 500 देऊन कनेक्शन तोडा. डिस्कवर उरेल तो साडेतीन-सहाचा उतारा. उपाय सोपा: तात्पुरत्या नावानं उतरवा, फाइल पुरी झाल्यावरच नाव बदला.

6. शेवटी 200 सोबत ‘सेवा तात्पुरती बंद आहे’ असं एचटीएमएल पान पाठवा. तुमचं ॲप ते सातबारा म्हणून आनंदानं जपून ठेवेल. खऱ्या पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरं असतात. ‘पूर्ण’ म्हणण्याआधी तेवढं बघा.

कधीच लाल न झालेली टेस्ट फक्त मॉक आज्ञाधारक असल्याचं सिद्ध करते. म्हणून ‘अयशस्वी’ कॉलबॅक बोलावणारी ओळ कोडमधून एकदा मुद्दाम पुसा. तरीही हिरवं आलं, तर आधी टेस्ट दुरुस्त करा. ॲपचं मग बघू.