डॉन पाहायला भोरला चला

मुंबईत डॉन मंडळींच्या गल्ल्या पायी पाहायची हौस हल्ली पैसे मोजून भागते. दगडी चाळीसमोर फोटो काढायचा, गाइडने आवाज खाली आणला की आपण अंगावर काटा आणायचा. त्याच चाळीचे डॉन ‘डॅडी’ २००४ साली आमदार झाले, तेव्हा मात्र कुणाच्या अंगावर काटा आला नाही.

पुणेकरांनी मागे का राहावं? भोरजवळ उत्रौली आहे. इंग्रजी दप्तरातला अट्टल दरोडेखोर उमाजी नाईक १८३१च्या डिसेंबरात तिथेच पकडला गेला. इनाम १०,००० रुपये, वर ४०० बिघे जमीन. एवढ्यावर फितूर मिळाला नसता तरच नवल! लगेच १८३२च्या फेब्रुवारीत पुण्यात फाशी. पुढच्याच वर्षी कॅप्टन मॅकिंटॉशचं उमाजीच्या रामोशी समाजावर पुस्तक आलं, म्हणजे पहिला गाइडही साहेबच.

पण या सहलीला गिऱ्हाईक कुठलं? गडांची राखण करणाऱ्या या रामोशांची वतनं कशी गेली, हे सांगायला लागलं की माणसं जांभया देतात. वेल्ह्याकडे, राजगड-तोरण्याला निघालेल्या गाड्या चेलाडी फाट्यालाच वळतात. एकदा पुढे कापूरहोळपर्यंत या आणि भोरकडे वळा. तिकीट नाही.