घामट घोंगड्याचा दरवळ

पुण्यात मायक्रोब्रुअरी आली तेव्हा ‘थंड आहे ना?’ एवढं विचारलं की बिअरचं रसग्रहण पूर्ण व्हायचं. आता त्यासाठी कार्यशाळा असते. परवाच्या कार्यशाळेत ‘प्रायोगिक फार्महाउस एल’ होती. पुढ्यात ट्यूलिपच्या आकाराचे ग्लास आणि रकाने आखलेला कागद. रंग, फेस, गंध, चव, मुखस्पर्श. तहान हा रकाना नव्हता.

नाक खोल घाला, असं मार्गदर्शक तरुण म्हणाला. समोरच्या बाईंनी डोळे मिटून ‘बार्नयार्ड’ म्हटलं आणि शाबासकी मिळवली. मागून कुणीतरी ‘हॉर्स ब्लँकेट’ म्हणालं, त्याला टाळ्या. ही थट्टा नव्हे. ब्रेटानोमायसीस नावाच्या यीस्टमुळे बिअरला गोठ्याचा, घोड्याच्या घामट घोंगड्याचा वास येतो आणि जाणकार तो याच शब्दांत कौतुकानं नोंदवतात. १९०४ साली कार्ल्सबर्गच्या क्लॉसेन यांनी मुरलेल्या इंग्लिश बिअरमध्ये ते ओळखलं. एरवी वाइनवाले त्याला दाराबाहेर ठेवण्यासाठी जिवाचं रान करतात. इथे ते मुद्दाम घालतात आणि दर वाढवतात. माझ्या शेजारी सांगोल्याकडचे एक गृहस्थ होते. त्यांनी ग्लास हुंगून गंभीरपणे विचारलं, ‘गाय की म्हैस?’ मार्गदर्शकानं तेही टिपून घेतलं.

मग इतिहास. सेझाँ ही बेल्जियमच्या वालोनियातली शेतावरची बिअर. उन्हाळ्यात ती नासायची, म्हणून थंडीत आंबवून ठेवायची आणि सुगीला येणाऱ्या मजुरांना पाजायची. हलकी, कोरडी, पाण्याच्या जागी चालेल अशी, असं सांगतात. आज जिला सगळे आदर्श मानतात ती तुर्प गावची सेझाँ द्युपाँ मात्र ६.५ टक्क्यांची आहे. ती पाण्यासारखी पिऊन कापणीला उतरलं तर विळा कुठे लागेल सांगता येत नाही. ही शेतावरची ब्रुअरी आल्फ्रेद द्युपाँ यांनी १९२० साली घेतली ती लेकासाठी. लुई कॅनडात शेती करायला निघाला होता, त्याला घरी थोपवायला. आमच्याकडे बाप त्याच कॅनडासाठी शेत विकतो.

आमच्या ग्लासातला प्रयोग म्हणजे ज्वारी, कोकम आणि नॉर्वेतल्या वॉसचं क्वाइक यीस्ट. तिथले शेतकरी ते विरजणासारखं जपत आले, लाकडी कड्यांवर वाळवून. ३५-४० अंशांतही ते जोमानं काम करतं. पुण्याच्या एप्रिलमध्ये कुरकुर न करणारा एवढा एकच पाहुणा माझ्या माहितीत आहे. चव बरी होती, हे कबूल करायला हवं: मिरीची चुणूक, कोकमाचा आंबटपणा, गोडवा जवळजवळ नाही. ज्वारी फक्त फळ्यावर लागली.

बिल आलं. ग्लासाला ४५० रुपये, कर वेगळा. सांगोलेकरांनी चव नोंदवायच्या कागदावर भागाकार मांडला. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती; म्हणजे दीड दिवस खणलं की एक ग्लास, करासाठी आणखी थोडी माती. त्यांनी मार्गदर्शकाला विचारलं, ‘मूळ मजुरांचीच बिअर ना ही? मग त्यांच्यासाठी काही सवलत?’

‘आहे ना, सर,’ तो उत्साहानं म्हणाला. ‘सोमवार ते गुरुवार, दुपारी चार ते सात. हॅपी अवर.’