जांभळ्या उजेडाचं प्रकरण

"त्या कोपऱ्यावरच्या घराचं कळलं का तुला?" काकूंनी मेथीची जुडी कुंपणावर ठेवली. जुडी ठेवली की समजावं, विषय लांबणार. "रात्री दहापर्यंत खिडकीत जांभळा उजेड असतो. आमच्या सूनबाई म्हणतात, गांजा लावलाय."

अमेरिकेतल्या एडिसन गावातल्या आमच्या गल्लीत बातमी कुंपणाकुंपणानं पुढे सरकते आणि प्रत्येक कुंपणाशी थोडी वाढते.

"गांजा कसला, काकू! खाऱ्या पाण्याचा टँक आहे. कोरल ठेवलेत. मी बघून आले. दिवे असे, की विजेचं बिल विचारायची माझी छाती झाली नाही."

"मग आता हे खूळ आमच्याकडेही आलंच म्हण. चिरंजीवांनी वीस गॅलनचा टँक आणलाय, त्याच्याबरोबर आलेला मिणमिणता दिवा, नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे. आता कोरलची यादी केलीय. पहिलंच नाव अक्रोड की काय."

"अक्रोपोरा. ते आधी खोडायला सांगा. अहो, टँकमधल्या बहुतेक कोरलच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न करतं आणि घरमालकाला पोसतं. अक्रोपोरा उथळ पाण्यातलं, डोक्यावर कडक ऊन आणि लाटांचा मारा खाणारं. त्याला तसाच दिवा लागतो, वर पाण्यातलं कॅल्शियमही हललेलं खपत नाही. वीस गॅलन म्हणजे पंचाहत्तर लिटर पाणी. एवढ्याशा पाण्यात सगळंच हलतं."

काकूंनी अंगठीचं बोट पुढे केलं. "उजेडाचं मला सांगू नकोस. हे पोवळं मंगळासाठी घातलंय. सोनार म्हणाला होता, हे अंधारात वाढतं."

सोनार खरं बोलला होता, हे मला कबूल करावं लागलं. भूमध्य समुद्रातलं लाल पोवळं कपारींत, गुहांच्या तोंडाशी वाढतं. त्याच्या अंगात शेवाळ नसतंच, वाहत येईल ते पकडून खातं.

"पण काकू, दुकानदार नेमके इथेच गंडवतात. सन कोरल म्हणून एक असतं, केशरी-पिवळं, बघताक्षणी घ्यावंसं वाटणारं. 'याला दिवाच लागत नाही' म्हणून गळ्यात मारतात. दिवा लागत नाही म्हणजे स्वयंपाक तुमच्याकडे! आठवड्यातून दोन-तीनदा तरी एकेका तोंडाशी चिमट्यानं कोळंबीचा चुरा धरायचा. उरलेलं कुजतं, छोट्या टँकचं पाणी नासतं. तुमचे चिरंजीव जेवायला तरी वेळेवर येतात का?"

"त्याचं नाव काढू नकोस. मग आणायचं तरी काय?"

"मशरूम. डिस्कोसोमा म्हणतात ते. चपट्या चकत्या, लाल, निळ्या, हिरव्या. खाली वाळूजवळच्या सावलीतच खूश असतात. फार उजेड पडला की आक्रसतात, फिकटतात. फक्त दगडाला चिकटवायला जाऊ नका, अंगाला बुळबुळीत स्राव असतो, गोंद टिकत नाही. वाटीत खडे घालून त्यावर सोडायचं, वरून जाळी बांधायची. आठवडा-दोन आठवड्यांत आपणच खडा धरतं. पुढे सरकताना पायाचा तुकडा मागे ठेवतं, त्याचं नवं पिल्लू."

"आणि ते हिरवं, गवतासारखं डुलतं ते?"

"ग्रीन स्टार पॉलिप. मरायचं नावच घेत नाही, हीच त्याची खोड. जांभळी साय हरळीसारखी पसरते. मोठ्या दगडावर बसवलं की टँक त्याचा. वाळूत एकटा दगड ठेवा, त्यावर राहू दे. केनिया ट्री नावाच्या कोरलचंही तेच, फांद्या गाळतं, जिथे पडेल तिथे रुजतं. नवशिक्याला विकत घेताना हे कुणी सांगत नाही, आणि वर्षभरानं तोच गल्लीभर फुकट वाटत फिरतो. लेदर कोरल मात्र मानी. मधूनच मिटून घेतं, अंगावर मेणचट पापुद्रा धरतं, आठवडाभरही उघडत नाही. लोक मेलं म्हणून फेकतात. ते फक्त कात टाकत असतं."

मग काकूंनी फोन काढला. चिरंजीवांनी पाठवलेला फोटो होता झोआंचा, रंगीत बटणांसारखा गुच्छ.

"दिसायला गोड, वाढवायलाही सोपे. पण यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, जबरदस्त विष. 2018 साली इंग्लंडात ऑक्सफर्डशरमधल्या एका घरी टँक साफ करताना ते हवेत पसरलं. घरची माणसं तर रुग्णालयात गेलीच, मदतीला आलेले अग्निशमनवालेही गेले."

"अगंबाई! आणि तू हे सोपं म्हणतेस?"

"नुसतं ठेवायला सोपं. झोआ असलेला दगड उकळायचा नाही, गरम पाण्यानं घासायचा नाही, हातमोजे-चष्म्याशिवाय कापायचा नाही. माझं विचाराल तर रांगतं पोर घरात आहे तोवर झोआ नकोतच."

काकूंनी यादीवर मनातल्या मनात फुली मारलेली दिसली. मग त्यांच्या हौसेचा विषय निघाला, स्वच्छता. रोज थोडं पाणी बदलायला त्या तयार होत्या.

"काही करू नका! या मशरूम-लेदरसारख्या मऊ कोरलना जरा मळकं पाणीच मानवतं, थोडं नायट्रेट हवंच. आठवड्याला दहा टक्के बदललं की पुरे. पाणी आटतं, मीठ आटत नाही, म्हणून आटलेल्याची भर गोड्या आरओ पाण्यानं घालायची, नळाच्या नाही. किलोभर पाण्यात पस्तीस ग्रॅम क्षार आणि पंचवीस-सव्वीस अंश तापमान, एवढं सांभाळा. आणि टँक नवा असेल तर आधी महिना-दीड महिना थांबा. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू आधी बसू द्या."

"बरं, नोव्हेंबरात पुण्याला जाताना एखादा तुकडा नातवाला नेला तर?"

"बॅगेतून? काकू, दगडी कोरलच्या व्यापारावर जगभर कागदपत्रांची बंधनं आहेत. आपल्याकडे तर 1972 च्या वन्यजीव कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला. कस्टमवाल्यापुढे मऊ की दगडी समजावत बसणार का? त्यापेक्षा नातवाला मालवणला न्या. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ तोंडात नळी धरून जिवंत बघेल."

मेथीची जुडी एव्हाना सुकायला लागली होती. मी म्हटलं, शनिवारी चिरंजीवांना पाठवा, माझ्याकडचे दोन मशरूम देते. येताना डबा आणायला सांगा, पण लोणच्याचा नको आणि साबणानं घासलेलाही नको.

"मग कसला?"

"नवा कोरा."

"म्हणजे फुकटातल्या मशरूमसाठी चार डॉलरचा डबा?" काकूंनी जुडी उचलली. "तूच दे की एखादा."

"मेथी ठेवून जा मग."