अडीच सेकंदांची पुरणपोळी

बायकोच्या पाककृतींच्या साइटवर ऐन होळीच्या तोंडावर वाचक आटले. लोकांनी पुरणपोळ्या खाणं सोडलं नव्हतं; आमच्याकडे येणं सोडलं होतं. मग तिच्या भाच्याला बोलावलं. तो एसईओ करतो. म्हणजे नक्की काय, हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही. लग्नाच्या बोलणीत 'काँप्युटरमध्ये आहे' एवढ्यावर निभावलं होतं.

त्याने आधी इतिहास सांगितला. गूगलने 2011 साली पांडा सोडला, तो पातळ मजकुराच्या मागे लागला. 2012 साली पेंग्विन आला, त्याने विकतच्या लिंका हुडकल्या.

"अरे, हे सर्च आहे की राणीचा बाग?" बायको म्हणाली.

"मावशी, पांडा हे इंजिनिअरचं आडनाव. नवनीत पांडा."

हे ऐकून तिचा राग थोडा निवळला. नावगाव असलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

पुढे 2022 साली फर्मान निघालं: यंत्रासाठी लिहू नका, माणसांसाठी लिहा. आता आपण माणसांसाठी लिहिलंय हे यंत्राला कसं पटवायचं, हे शिकवण्याचे भाचा पैसे घेतो. (आमच्याकडून फक्त जेवण.) त्याच वर्षी डिसेंबरात गूगलच्या निकषांत 'अनुभव' वाढला. "म्हणजे नोव्हेंबरपर्यंत बिनअनुभवाचंच शिजत होतं का?" बायकोने विचारलं. भाच्याने उत्तर न देता तिचा पोळपाटासकट फोटो काढला आणि पुरणाच्या कृतीआधी तिच्या आजीवर, आजोळावर, चुलीवर ऐसपैस मजकूर लिहून घेतला. आजीला पुरणपोळी येत नव्हती, हे त्यातून वगळलं.

मग साइटवरच्या पानांचे पत्ते. देवनागरी 'पुरणपोळी' पत्त्यात घातली की यंत्र प्रत्येक अक्षर-चिन्हाची नऊ चिन्हं करतं. कॉपी केली तर टक्क्यांनी गजबजलेली 72 चिन्हांची माळ हाती येते. भाच्याने सगळे पत्ते रोमनमध्ये आणले आणि जुन्या पत्त्यांवर 301 लावला. सासरी गेलेल्या मुलीची पत्रं माहेरचा पोस्टमन तिकडे पाठवतो, तसं काहीसं. हा मात्र खरा शहाणपणा. तो न करता नुसती रंगरंगोटी केलेल्या साइटचे जुने वाचक 'पान सापडलं नाही' म्हणणाऱ्या 404 च्या भिंतीवर आपटतात आणि कमावलेलं नावही जातं.

शेवटी वेग. पानावरचा सर्वांत मोठा भाग, म्हणजे आमच्याकडे पोळीचा फोटो, अडीच सेकंदांत दिसला पाहिजे. "डाळ शिजायलाच कुकरच्या चार शिट्ट्या लागतात," बायको म्हणाली. फोटोचं वजन उतरवता उतरवता पोळीवरचं तूप अदृश्य झालं, तेव्हा मात्र तिने भाच्याला थांबवलं. तूप ठेवून पानावरची जाहिरात काढून टाकली.

वाचक हळूहळू परतू लागले आहेत. सगळे नाहीत, आता सर्चच्या माथ्यावर एआय परस्पर कृती सांगून मोकळा होतो. भाचा म्हणतो, त्याच्यासाठी वेगळं पॅकेज आहे.

परवा संध्याकाळी त्याचाच फोन. "मावशी, पुरण सैल झालंय गं. काय करू?"

"साइटवर लिहिलंय की."

"तेच उघडलंय. पण तुझी आजीच संपत नाहीये!"

"फोन ठेव आणि पुरण परत गॅसवर चढव. उलथनं उभं राहीपर्यंत हलव."