नायकाचे डोळे कुणाकडे असतात?

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात नजरेचे छत्तीस प्रकार मोजून ठेवले आहेत. आठ रसांचे, आठ स्थायीभावांचे आणि उरलेले वीस संचारीभावांचे. बुबुळं कधी फिरवायची, पापणी कधी झुकवायची, सगळं सांगून झालंय. इतक्या बारकाव्यानं विचार करणाऱ्या माणसाला गॉगल तेवढा सुचला नाही. सुचला असता तर सदतिसावी दृष्टी म्हणून त्याचंही लक्षण सांगून ठेवलं असतं, आणि आमच्या घरातला एक वाद सुरूच झाला नसता.

वाद ‘द मँडलोरियन’ या मालिकेवरून आहे. 2019 साली सुरू झालेल्या या मालिकेचा नायक डोक्यापासून गळ्यापर्यंत लोखंडी शिरस्त्राणात बंद असतो. कुठल्याही जिवंत प्राण्यासमोर ते काढायचं नाही, असा त्याच्या पंथाचा नियम. डोळ्यांच्या जागी एक काळी फट. माझी मुलगी ही मालिका जीव टाकून बघते. मावशीनं थोडा वेळ बघितली आणि निकाल दिला, “याचे डोळेच दिसत नाहीत. हा रडतोय का जांभई देतोय, मला कसं कळायचं?”

“मावशीआजी, तो मानेनं अभिनय करतो.”

“मान तर नंदीबैलही हलवतो.”

मावशीच्या बाजूनं बोलायचं तर पुरावा घरचाच आहे. प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली आणि 1934 साली शांतारामबापूंनी ‘अमृतमंथन’ काढला. त्यात राजगुरूचा डोळा त्यांनी इतक्या जवळून टिपला की सगळा पडदा त्या एका डोळ्यानंच व्यापला. हिंदी आवृत्तीतला राजगुरू म्हणजे चंद्रमोहन. त्या डोळ्यांवर त्यांची पुढची सगळी कारकीर्द उभी राहिली. माणूस दुष्ट आहे हे सांगायला संवादाची गरजच नव्हती.

हॉलिवूडनं तर डोळ्यांसाठी खास दिवा शोधून काढला. मर्ल ओबेरॉन ही नटी 1911 साली मुंबईत जन्मली. पुढे मोटारीच्या अपघातात तिच्या चेहऱ्यावर व्रण राहिले. ल्युसियन बॅलर्ड या छायाचित्रकारानं कॅमेऱ्यालाच एक दिवा असा जोडला की व्रण उजेडात विरघळले आणि डोळ्यांत ठिणगी आली. तिच्या नावावरून त्या दिव्याला ‘ओबी’ म्हणतात. गंमत अशी की डोळे एवढे लखलखत असताना बाई जगाला सांगत राहिल्या, की आपला जन्म टास्मानियातला. डोळे कधी खोटं बोलत नाहीत असं जे म्हणतात, त्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता मुलीची बाजू. त्या शिरस्त्राणाच्या आत कोण आहे, याचा शोध घेतला तर मावशीचा प्रश्न आणखीच अवघड होतो. आवाज पेड्रो पास्कलचा. पण चालणं, वळणं, बंदुकीवर हात ठेवून उभं राहणं हे बऱ्याचदा ब्रेंडन वेन आणि लतीफ क्राउडर या दोघांचं. त्यातला वेन हा जॉन वेनचा नातू, म्हणजे कमरेवर हात ठेवून उभं राहणं घराण्यातच. मावशी ज्या डोळ्यांची चौकशी करत होती, ते पुष्कळदा नायकाचे नव्हतेच.

तरीही माणसं त्याच्यासाठी हळहळतात. याचं कारण त्याच्या शेजारच्या पाळण्यात आहे. ग्रोगू नावाचं ते हिरवं पोर म्हणजे मोठे कान आणि मध्ये नुसते डोळेच. मालिकेच्या कर्त्यांनी नायकाचे डोळे काढून घेतले आणि व्याजासकट त्या पोराला दिले. शिरस्त्राण हळूच खाली झुकतं, पोर वर बघतं आणि नायकाच्या मनात काय चाललंय ते आपण पोराच्या डोळ्यांत वाचतो. पहिल्याच पर्वात एक प्रसंग आहे. पैसे घेऊन त्यानं पोराला गिऱ्हाइकाच्या ताब्यात दिलेलं असतं. यान सुरू करायला जातो, तर पोर ज्याच्याशी खेळायचं त्या दांड्यावरच्या गोळ्यापाशी त्याचा हात अडतो. काही क्षण काहीच होत नाही. मग तो यान बंद करतो आणि पोराला सोडवायला निघतो. पडद्यावर एक हातमोजा आणि एक धातूचा गोळा, एवढंच. आणि आमच्या सोफ्यावर रुमाल शोधण्याची धांदल.

जपानी नो नाटकाला हे कित्येक शतकांपासून ठाऊक आहे. लाकडी मुखवटा तोच, पण किंचित वर केला की चेहरा उजळतो, खाली झुकवला की त्यावर मळभ येतं. मावशीच्या भाषेत, मान हलवतात. मुखवट्याची भोकं एवढीशी असतात की नटाला स्वतःला फारसं दिसत नाही. आपण रंगमंचावर कुठं आहोत हे तो कोपऱ्यातल्या खांबावरून ओळखतो. बघणाऱ्याला सगळं दुःख दिसतं, करणाऱ्याला खांब.

‘द गॉडफादर’मध्ये तर मुखवटाही नाही. गॉर्डन विलिस या छायाचित्रकारानं 1972 सालच्या त्या सिनेमात मार्लन ब्रँडोवर उजेड थेट डोक्यावरून सोडला आणि त्याचे डोळे खोबणीतल्या अंधारात बुडवले. ज्याच्या चेहऱ्यासाठी पैसे मोजले त्याचेच डोळे दिसेनात, म्हणून स्टुडिओतल्या मंडळींनी कुरकुर केली. पण त्या अंधाऱ्या खोलीत दाद मागायला आलेला माणूस डॉनकडे कसा बघतो, हे आपल्याला स्वच्छ दिसतं. त्याची भीती तीच आपली भीती. ब्रँडोला ऑस्कर जाहीर झालं, ते त्यानं नाकारलं. विलिसला साधं नामांकनही नव्हतं.

तेव्हा डोळे झाकल्यानं नातं तुटतं असं नाही. पडद्यावरचं दुसरं कोणी त्या माणसाकडे जीव लावून किंवा जीव मुठीत धरून बघत असेल, तर आपण त्याच्या नजरेनं बघतो. तसं बघणारंच कोणी नसेल, तर मात्र मावशीचं खरं. आपल्या सिनेमातलं गॉगलवालं गाणं आठवून बघा. नायक काळा चष्मा लावून चालत येतो, मागे शंभर जण नाचत असतात आणि त्यातला एकही त्याच्याकडे बघत नसतो. सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. मग त्याच्या मनात काय आहे याची चिंता आपणच एकट्यानं का करायची?

उलट, नुसते डोळे दाखवून काही साधतं असंही नाही. ‘जज ड्रेड’ या कॉमिकच्या नायकाचा चेहरा वाचकांना कधी दाखवायचाच नाही, असा दंडक. 1995 च्या सिनेमात स्टॅलोननं शिरस्त्राण काढलं, तर चाहत्यांनी नाकं मुरडली. 2012 मध्ये कार्ल अर्बननं ते शेवटपर्यंत काढलं नाही आणि नुसत्या हनुवटीवर तीच मंडळी खूश झाली.

आणि संध्याकाळच्या मालिका आहेतच. तिथं डोळ्यांची टंचाई कधीच नसते. सासूच्या डोळ्यांवर तीनदा कॅमेरा, मग सुनेच्या, मग नणंदेच्या, आणि प्रत्येक वेळी ढोल. एवढे डोळे बघूनही कोणाला काय वाटतंय ते कळत नाही, कारण तिथं कोणी कोणाकडे बघतच नसतं. सगळ्याजणी जाहिरातींची वाट बघत असतात. अशा वेळी कोणाचे तरी डोळे झाका असं सांगावंसं वाटतं. प्रेक्षकांचे सोडून. ते पहिल्या ढोलालाच मिटलेले असतात.